कुंदाचा ड्रम आणि न दिलेला शब्द

कुंदा गेल्याची बातमी मला बंगळुरूहून कळली. कुंदा गजभिये राहायची आर. के. पुरममध्ये, मी राहते आर. के. पुरममध्ये, तिच्या दारातून निघालं की माझ्या दारात पोचायला चार मिनिटं लागतात... आणि बातमी आली ती दोन हजार किलोमीटरवरून. मंगळवारची दुपार होती. ऑफिसात एका फाइलवर नोट लिहीत बसले होते, तेवढ्यात प्रज्ञाचा, माझ्या मुलीचा फोन आला. ती तिकडे नोकरीला आहे, कामाच्या वेळात कधी फोन करत नाही. "मम्मा, कुंदामावशी नहीं रही," ती म्हणाली. कुंदाला तिच्या ऑफिसच्या जिन्यात छातीत कळ आली, सहकाऱ्यांनी उचलून हॉस्पिटलात नेलं, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग कुणीतरी तिचा मोबाइल उघडला, तातडीच्या वेळी लावायचा म्हणून जो नंबर त्यात होता तो लावला, आणि तो निघाला माझ्या मुलीचा. माझा नव्हे, माझ्या मुलीचा! अठ्ठावीस वर्षं ओळखत होते मी कुंदाला. आणि मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? कशी गेली, हे नाही. त्रास झाला का, हेही नाही. मी विचारलं, "त्यांनी तुला का फोन केला?"

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. कुंदाच्या आठवणींचा लेख मागताना पुरवणीचं काम बघणाऱ्या बाईंनी "तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या, तुम्हीच लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी चटकन हो म्हणून बसले आणि मग तीन आठवडे एक ओळ सुचली नाही. जवळची होते, खोटं नाही. इतकी जवळची, की कुंदाचं काहीही चांगलं झालं की त्याचा धूर आधी माझ्या डोळ्यांत जायचा. ती चांगलीही होती, हीच तर माझी पंचाईत. कुणी वाईट असतं तर निदान चार जणींत बसून नावं तरी ठेवता येतात. कुंदाला नावं ठेवायला गेलं की समोरची बाई म्हणणार, "अगं, पण किती करते ती सगळ्यांसाठी!" आणि मला मान डोलवावी लागणार.

आमची ओळख लक्ष्मीबाई नगरातली. मी लातूरकडची, ती भंडाऱ्याकडची. दोघीही परीक्षा देऊन दिल्लीत सरकारी नोकरीला लागलेल्या, मंत्रालयं वेगवेगळी. माझं नुकतंच लग्न झालं होतं, तिनं पुढेही कधी केलं नाही. तिचं क्वार्टर वरच्या मजल्यावर, आमचं खाली. एका संध्याकाळी मी आणि दिलीप, म्हणजे आमचे हे, कशावरून तरी जोरजोरात भांडत होतो आणि दारावर टकटक झाली. बाहेर एक उंच, सावळी मुलगी. म्हणाली, "भांडण चालू द्या, मी काही मध्ये पडत नाही. महिनाभर मराठी कानावर पडली नव्हती, म्हणून आले." दिलीप हसले, भांडण तिथंच संपलं. मी तिला जेवायला थांबवलं. गावाकडून आलेलं ज्वारीचं पीठ होतं, ती म्हणाली मी भाकऱ्या टाकते. आणि तवा ठेवल्या ठेवल्या तिनं भाकरी उचलली. मी ओरडलेच, "अगं थांब! तव्याला नुसती ऊब आलीय, आच लागू दे आधी." मग थोड्या वेळानं, "धग फार झाली, गॅस बारीक कर." मग, "लांब हो, झळ लागेल तोंडाला." कुंदा उलथनं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"काहून वं, तुमच्याकडे गरमला इतकी नावं?" ती म्हणाली. "मी होस्टेलात वाढले बाप्पा. आम्हाला एक गरम आणि एक लय गरम, संपलं."

मी बोटांवर मोजून दाखवली. ऊब, आच, धग, झळ. माझ्या आईनं चुलीसमोर बसवून शिकवलेले शब्द ते, आणि मला त्याचा तोरा होता. कुंदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "चार-चार नावं, आणि भाकरी एकच!" त्या दिवशी ती माझी थट्टा करतेय असं मला वाटलं. पहिल्याच भेटीत मी तिच्यावर थोडी रुसले होते, हे आता आठवतं.

पुढे तिची बदली शिलाँगला झाली. तीन वर्षं ती तिकडे होती. तिकडच्या शेजारणींच्या स्वयंपाकघरांत चुलीवर टांगून धुरवलेलं मांस तिनं खाल्लं, मग पाहिलं, मग त्यांच्या शेजारी बसून करायला शिकली. दिल्लीला परतली तोवर आम्हीही आर. के. पुरमला आलो होतो. तिला तळमजल्याचं क्वार्टर मिळालं, मागे छोटंसं अंगण. आणि महिन्याभरात ही बया करोल बागेत गेली. लोक तिथं लग्नाचे कपडे घ्यायला जातात, ही गेली गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या गल्लीत. तिथल्या एका मेकॅनिककडून तिनं तेलाचा रिकामा ड्रम आडवा कापून घेतला, बिजागऱ्या लावून अर्ध्याचं झाकण केलं, खाली चार पाय जोडले. कोळशाच्या बाजूला खाली एक भोक, झाकणावर दुसऱ्या टोकाला एक, आणि दोन्हींवर सरकणारी पत्र्याची पट्टी. ड्रम टेम्पोतून उतरवताना तिचा चेहरा असा होता, की मी म्हटलं, "बाई, नवरा आणलास की काय!"

आता तिची पद्धत सांगते, कारण ती मला तोंडपाठ आहे. मत्सरी माणसाइतकं बारकाईनं कुणी बघत नाही. कुंदा कोळसा कधी ड्रमभर पसरायची नाही. सगळा एका बाजूला रचायची, काळाच. आणि त्यावर फुललेले आठ-दहा निखारे ठेवायची, म्हणजे विस्तव एकदम न भडकता हळूहळू एका कोळशावरून दुसऱ्यावर जातो. मांस दुसऱ्या बाजूला, त्याच्या खाली पाण्याची परात. निखाऱ्यांवर पेरूच्या वाळलेल्या फांदीचे दोन तुकडे, कॉलनीत झाडं छाटली की ती ते उचलून आणायची. मग झाकण लावलं की लावलं. कुणी उघडायला गेलं तर हातावर चापट. "बघायला उघडलंस की अर्धा तास गेला समज," म्हणायची. वरचं भोक सदा उघडं, कारण धुराला वाट हवी. खेळ सगळा खालच्या भोकाचा. पट्टी जरा उघडली की आत हवा जाते, विस्तव चढतो. जरा सारली की उतरतो. आणि किती चढला, किती उतरला, हे ती तळहातानं बघायची. वरच्या भोकावर हात धरायचा, नजर भलतीकडेच, जणू कुणाची वाट बघतेय... मग "हं" म्हणायचं आणि खालची पट्टी नखभर सरकवायची. नखभर! तीन-चार तासांनी मटण अडून बसतं. आतून त्याला घाम फुटतो आणि कितीही वेळ गेला तरी ते पुढे शिजल्यासारखं वाटतच नाही. इथंच सगळ्यांचा धीर सुटतो आणि लोक कोळसा ओततात. कुंदा तेव्हा शांतपणे पेपर वाचायची. "रुसलंय ते," म्हणायची, "बसू दे. आपण नाही गेलो समजवायला तर आपणहून उठतं." संध्याकाळी बकऱ्याची मांडी बाहेर यायची तेव्हा हाड नुसतं धरून ओढलं की निघायचं.

एप्रिलमधल्या जयंतीला, कुणाच्या प्रमोशनला, कुणाच्या मुलाचा निकाल लागला की, सगळी आमची मंडळी कुंदाच्या अंगणात. आमच्या घरी वरण कसं होतं हे ज्यांनी कधी विचारलं नाही, ते दिलीप तिच्या ड्रमशेजारी तासतासभर उभे राहायचे. "कुंदाताई, हे पेरूचंच लाकूड का? कडुनिंब नाही चालणार?" "नाही भाऊजी, कडू येतं." काय ती जिज्ञासा! आणि घरी मी सकाळपासून खपून रस्सा केला की यांचे दोन शब्द ठरलेले, "छान आहे." मी हे दोन शब्द अठ्ठावीस वर्षं ऐकलेत.

शेवटी मी ग्रिल आणली. काळी, चकचकीत, चाकांची, झाकणावर मोठा तापमानाचा काटा. माझं प्रमोशन झालं होतं, वीस जणांना बोलावलं. कुंदा लवकर आली आणि पदर खोचायला लागली, तर मी म्हटलं, "आज तू पाहुणी. बस." ती बसली. तासाभरात काटा दीडशेवर गेला. एकशे दहाच्या आसपास ठेवायचं हे मी ग्रिलबरोबर आलेल्या पुस्तिकेत वाचलेलं, म्हणून घाबरून दोन्ही भोकं बंद केली, खालचंही आणि वरचंही. आत विस्तव गुदमरला, पांढरा दाट धूर कोंडला, काटा खाली यायला लागला. मग मी सगळं उघडलं आणि वर कोळसा ओतला. काटा दोनशेवर. पुन्हा बंद. असं चार वेळा झालं. मला नंतर कळलं, तो काटा झाकणावर अगदी निखाऱ्यांच्या डोक्यावर होता, तो विस्तवाचं सांगत होता. मांस होतं खाली, दुसऱ्या बाजूला, त्याचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. मांडी बाहेर काढली तर वरून कोळसा, आतून गुलाबी, आणि चव काजळीसारखी कडू. लोकांनी पोळ्या आणि कोशिंबीर खाल्ली. कुंदानं मात्र ताटात घेतलेलं सगळं मटण संपवलं. हात धुताना माझ्याजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "वरचं भोक बंद केलं होतंस का गं?" मला हातातलं पातेलं तिच्या डोक्यात घालावंसं वाटलं. आणि तेवढ्यात दिलीप सगळ्यांसमोर म्हणतात कसे, "कुंदाताई, पुढच्या रविवारी तुमच्याकडेच बरं का!" ती ग्रिल मी दुसऱ्या दिवशी चादरीखाली झाकली, ती कायमची.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येईल. पुढचं नाही येत.

प्रज्ञा दिल्लीतच जन्मली, दिल्लीतच वाढली. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. गोष्टींची पुस्तकं आणून पाहिली, रागावून पाहिलं, मराठीत बोललीस तरच शिरा मिळेल अशी लाचही देऊन पाहिली. "मम्मा, यार, समझ तो रही हूँ ना! बोलना ज़रूरी है?" मी हरले. कॉलनीतल्या बऱ्याच घरांत हेच आहे, म्हणून मन समजावलं. नववीत गेल्यापासून ती रविवारी सकाळी उठून कुंदाकडे पळायला लागली. मला वाटलं, खायला जाते. थंडी सरत आली होती, फेब्रुवारीतला रविवार होता, मी तिला बोलवायला गेले. कुंदाच्या अंगणाच्या मेंदीच्या कुंपणापाशी पोचले आणि आतून आवाज आला.

"मावशी, आच उतरली. खालची पट्टी सरकवू?"

"नको गं. वाऱ्यानं उतरलीय ती. थांब, चढेल आपोआप."

"किती वेळ थांबू?"

माझे पाय तिथंच थांबले. प्रज्ञाच होती ती. स्वच्छ, सरळ मराठी, न अडखळता, जशी काही जन्मभर तेच बोलत आलीय. दुसरी कुठली आई असती तर तिला आनंदानं रडू आलं असतं. मी जळले. चौदा वर्षं जे मला जमलं नाही ते या बाईनं ड्रमशेजारी बसून, पेपर वाचता वाचता करून टाकलं! शब्द कुठले होते हे त्या रागात माझ्या कानांत शिरलंच नाही. मला फक्त तो आवाज ऐकू आला, जो माझ्या घरात कधी नव्हता. मी हाक न मारता घरी परत आले, आणि प्रज्ञा आली तेव्हा "घराची आठवण आली वाटतं?" असं टोचून बोलले. ती हिंदीत म्हणाली, "क्या हुआ आपको?"

त्याच वर्षी कुंदाच्या वाढदिवसाला मी तिला एक तापमापक दिला. लांब सळईचा, गोल तबकडीचा. चार जणींसमोर दिला आणि म्हटलं, "घे बाई, आता किती दिवस हात भाजून घेशील? वय झालं आपलं." तिच्या तळहाताची सगळीकडे कीर्ती होती, मला तीच खाली आणायची होती. कुंदानं तो उलटासुलटा करून पाहिला, "भारी आहे वं," म्हणाली आणि ठेवून दिला. पुढे मी तिच्याकडे गेले की आधी झाकणाकडे नजर टाकायची, मग भिंतीवरच्या खिळ्यांकडे. तापमापक कुठं दिसला नाही. ती तशीच हात धरून "हं" म्हणत राहिली. टाकला असेल, नाहीतर देऊन टाकला असेल कुणाला. मी तो माझा अपमान म्हणूनही मनात ठेवला, आणि बघा किती गर्व आहे हिला, असं म्हणायला एक कारण म्हणूनही.

आता शेवटची भेट. तिच्या जाण्याच्या तीन आठवडे आधी, फेब्रुवारीत, उन्हाला नुकतं बरं वाटायला लागलं होतं. दिवाळीनंतरच्या त्या घाण हवेच्या महिन्यांत कुंदा ड्रमवर गोणपाट टाकून ठेवायची; ते निघालं की तिचा पहिला रविवार मोठ्या थाटात व्हायचा. त्या सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी ती माझ्या दारात आली, हातात कागदात गुंडाळलेलं मटण. आत ये म्हटलं तर नको म्हणाली, बस चुकेल.

"सुमन, एक शब्द पाहिजे होता."

"कसला?"

"विस्तव विझत आला, वर राख बसली, दिसायला सगळं संपलं... पण आत अजून जीव असतो बघ. हात अगदी जवळ नेला तरच कळतो. त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

मला माहीत होतं. विचारल्याबरोबर जिभेवर आला होता. रोज सकाळी आई चुलीतली राख उकरून हात धरायची आणि तो शब्द म्हणायची, मग म्हणायची, आज काडी नको. पण आदल्या रात्रीच मला कळलं होतं, की प्रज्ञा रविवारी कुंदाशी तासभर बोलली. माझ्याशी चार मिनिटं बोलून "मीटिंग है" म्हणून तिनं फोन ठेवला होता. मी कुंदाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही बाई आठवत. मोबाइलमध्ये शोध."

"मोबाइलनं चूल कुठं पाहिलीय!" ती हसली. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असेल का? "आठवला तर सांग. घाई नाही," म्हणाली आणि बसस्टॉपकडे गेली. मी दार लावून घेतलं. शब्द तोंडातच होता. तो द्यायला मला काय लागणार होतं? काही नाही. पण आजवर तिनं माझ्याकडचं सगळं नेलं होतं, असं मला वाटत होतं, आणि हे एक तरी माझ्याकडे राहू दे, असं मी ठरवलं. एका शब्दावर नागासारखी बसले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कॉलनीच्या सभागृहात झाला. भंडाऱ्याहून तिचा थोरला भाऊ आला, बंगळुरूहून प्रज्ञा आली. त्रिशरण-पंचशील झालं, लोक बोलले, आणि प्रत्येक जण आधी प्रज्ञाच्या पाठीवर हात ठेवत होता, मग माझ्याकडे वळत होता. मी चहाचे कप गोळा करत फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "तिनं तुझाच नंबर का ठेवला होता गं?"

"मम्मा, उनका फोन मैंने सेट किया था," प्रज्ञा म्हणाली. "टेस्ट करायला अपना नंबर डाल दिया. फिर किसी ने बदला ही नहीं. बस."

बस! बारा दिवस मी ज्याच्यावर होरपळत होते, ते इतकंच निघालं. आणि खरं सांगू, तरीही मला पूर्ण पटलं नाही.

क्वार्टर रिकामं करायचं होतं. भाऊ म्हणाला, भांडी-पुस्तकं नेतो, हे ड्रमचं धूड रेल्वेतून कसं नेऊ? "तुम्हीच ठेवा." तुम्ही म्हणजे कोण, ते त्यानं सांगितलं नाही, बघत प्रज्ञाकडे होता. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. मी "हो" म्हटलं. भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली आणि आम्ही तिघांनी तो आमच्या मागच्या अंगणात आणला. मध्ये एकदा तो कलंडला, दिलीपच्या पायावर पडता पडता राहिला. उतरवताना प्रज्ञा म्हणाली, "मम्मा, आप पीछे से पकड़ो." मी ड्रमच्या मागे गेले.

इतक्या वर्षांत मी त्या ड्रमची मागची बाजू पाहिली नव्हती. कुंदाकडे तो कायम भिंतीला पाठ लावून असायचा आणि पाहुणे सगळे पुढून. मागे, मांस ठेवायच्या जाळीच्या बरोबर उंचीला, पत्र्याला भोक पाडून माझा तापमापक बसवला होता. सळई आत, तबकडी बाहेर. काचेवर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावून आकडे झाकले होते, आणि पट्टीच्या तुकड्यांवर कुंदाच्या गोल ऑफिसी अक्षरात लिहिलं होतं, ऊब, आच, धग, झळ. आचेवरचं अक्षर बोटांनी काजळी पुसून पुसून फिकं झालं होतं. ऊबेच्या खाली आणखी एक पट्टी चिकटवलेली, कोरी.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"आपने दिया तबसे. बाहेर सगळ्यांसमोर हात धरायची आणि मग गुपचूप मागे वाकून बघायची. म्हणायची, हात खोटं बोलत नाही, पण म्हातारा होतो." प्रज्ञा हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. "आणि ये सारे शब्द तो आपके हैं ना? मावशी पहिल्या दिवसापासून सांगायची, हे तुझ्या आईचे शब्द आहेत, नीट बोल. चुकलीस तर ती म्हणेल कुंदानं पोर बिघडवली."

"आणि हे खालचं?"

"वो खाली छोड़ी है. मावशी बोली थी, पाचवा आई देणार आहे."

मी तिथल्या उपड्या बादलीवर बसले. मला कृतज्ञता वाटली, असं लिहिलं असतं तर हा लेख शोभून दिसला असता. पण आधी जे आलं ते तेच जुनं, ओळखीचं. माझे शब्द घेतलेस, माझ्यापेक्षा चांगले वापरलेस, आणि वर माझं नाव सांगून मोकळी झालीस! अशा बाईशी भांडायचं तरी कसं? मी रडले, मोठ्यानं, रागानं, नाक पुसत. मेली तरी जिंकलीस ना, असंही म्हटलं. दिलीप पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि तो धरून उभे राहिले.

रविवारी सकाळी प्रज्ञानं ड्रम पेटवला. कोळसा एका बाजूला, परात दुसऱ्या, झाकण बंद. दुपारी मटण अडून बसलं तेव्हा माझा हात कोळशाच्या पोत्याकडे गेला. तिनं माझ्या मनगटावर हलकी चापट मारली. मी मागे जाऊन काटा पाहिला, आचेवर होता. पुढे येऊन वरच्या भोकावर तळहात धरला. मला काही कळलं नाही, नुसतं भाजलं. पुन्हा धरला. जेवताना दिलीपनी पहिला घास खाल्ला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे." आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांना वाईट वाटलं.

ऊन कलल्यावर मी भांडी घासून अंगणात आले. प्रज्ञानं झाकण उघडं टाकलं होतं. कोळशाची सगळी राख झालेली, करडी, निपचित. मागे काटा ऊबेच्याही खाली येऊन कोऱ्या पट्टीवर टेकला होता. ती वाकून राखेच्या अगदी जवळ हात धरून उभी होती.

"आई," ती म्हणाली. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आई, याला काय म्हणतात? विझलंय, पण विझलं नाहीये."

"धुगधुगी," मी म्हटलं. "माणसात थोडा जीव उरला असेल तरी हेच म्हणतात."

तिनं दोनदा म्हणून पाहिलं. मग आत जाऊन पेन आणलं आणि ड्रमच्या मागे गुडघ्यांवर बसली.

"पहिला उकार की दुसरा?"

"दोन्ही पहिले. वेलांटी दुसरी."

तिनं लिहिलं, जरा वाकडं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. कुंदे, हाही शेवटी तुझ्याच ड्रमवर गेला. घे.